एक्स-रेतून गेलेला किरण

लेझरचा ठिपका भिंतीवर गोल दिसतो. त्याचा खरा आकार मोजायचा म्हणून मी जुन्या वेबकॅमचं भिंग काढलं आणि किरण थेट आतल्या सेन्सरवर सोडला. उजेड फार होता, म्हणून मध्ये कपाटातला एक्स-रे धरला, ग्रहण बघताना धरायचो तसा. संगणकाच्या पडद्यावर ठिपका एका बाजूला जास्त उजळ आला.

"बाबा, लेझरच खराब असेल," मुलगी म्हणाली.

लेझर बदलला, तरी तेच. मग फिल्म खिडकीशी धरली. ती माझ्या गेलेल्या बायकोच्या छातीची होती. किरण फुप्फुसातल्या पांढऱ्या डागाच्या कडेवरून जात होता. वाटेत जे भेटलं, ते प्रकाशानं लपवलं नाही.

केसाएवढा फरक आज मला लगेच दिसला. ती वर्षभर खोकत होती, तेव्हा मी म्हणायचो, "हवा बदललीय, दुसरं काय!"