मानेचा होकार

सकाईमिनातो बंदरातल्या इस्पितळात तातडीचा विभाग सांभाळणाऱ्या डॉक्टर माकाबे चिझुरू यांचं बालपण बहिऱ्या मावशीच्या तोफूच्या दुकानात गेलं. बोलायच्या आधी चिझुरू खुणांच्या भाषेत, हातांनी भांडायला शिकली, असं त्यांची आईच सांगे. डॉक्टर झाल्यावर त्यांनी एकच हेका धरला: बहिऱ्या रुग्णाने मान डोलावली म्हणजे होकार दिला, असं समजायचं नाही. या किनाऱ्यावरची बहिरी म्हातारी माणसं डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला अदबीने मान डोलावत. ‘कळलं नाही’ म्हणून समोरच्याचा वेळ खाणं त्यांना असभ्य वाटे.

त्या सकाळी शिकाऊ डॉक्टर कुसाका रक्त पातळ करणारं इंजेक्शन भरून उभा होता. खाटेवर बहिरे हामादा आजोबा, जुने कोळी, घामाने निथळत होते.

“हार्ट अटॅक आहे, मॅडम. छातीत दाब, डावा हात, सगळं विचारलं. सगळ्याला हो म्हणाले.”

“तोंडावर मास्क ठेवून विचारलंस?”

“मोठ्यानं विचारलं!”

“वा! पलीकडच्या खाटेवरच्याला अगदी नीट कळलं असेल.” माकाबेबाई वळल्या आणि मास्कआडून गंभीरपणे म्हणाल्या, “आजोबा, काल तुम्हाला जुळं झालं ना?”

आजोबांनी अदबीने मान डोलावली.

कुसाकाने इंजेक्शन खाली ठेवलं.

आजोबांचा उजवा हात सलाईनसाठी फळीला बांधलेला होता. “मोरीशिताताई, हे सलाईन डाव्या हाताला घ्या,” माकाबेबाई म्हणाल्या.

“अहो, पण शीर किती छान सापडली होती!” परिचारिका कुरकुरली.

“शीर छानच आहे. पण तुम्ही त्यांचं तोंड बांधलंय.”

हात सुटताच आजोबा बोलू लागले. छातीपासून पाठीपर्यंत कापड टराटरा फाटावं तशी कळ त्यांनी बोटांनी दाखवली. मग ती चीर कंबरेकडे सरकवली. माकाबेबाईंचा चेहरा उतरला. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी आतून चिरत चालली होती. ते इंजेक्शन गेलं असतं, तर रक्त थोपवणं कुणालाच जमलं नसतं.

सीटी स्कॅनमध्येही तेच दिसलं. शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत बाई खाटेपुढे उलट्या पावलांनी चालत हातांनी समजावत राहिल्या.

“वाचेन?” आजोबांनी खुणेने विचारलं.

“सांगता येत नाही. पण थांबलो तर नाही वाचणार.”

“मग करा. आणि जरा सावकाश बोलत जा, पोरी. म्हाताऱ्याचे डोळे आहेत हे.”

आजोबा वाचले. पुढच्या आठवड्यात ते अळणी पेजेवरून दोन्ही हातांनी भांडत होते. समोर बसलेला कुसाका प्रत्येक तक्रार हातांनी परत करून दाखवत होता, आणि चुकला की आजोबा त्याच्या बोटांवर टिचकी मारत होते.