विहिणीचा एक जादा उपास

त्या दिवशी मशीनच्या खोलीबाहेर आम्ही चौघं होतो. मी, माझी लेक शेवंती, जावई दिनेश आणि जिच्या पोटदुखीसाठी गेलो ती दिनेशची आय, म्हंजे माझी विहीण. सगळ्या रोह्यात हिच्याइतके उपास कुणी केले नसतील. दिनेशची धाटावची कंपनी बंद पडतेय असं कुणी बोललं, की उपास. सुनेला ताप आला, उपास. शेजारणीची म्हैस आटली तेव्हा तर मी इचारलं, "गो विहिणी, म्हैस तिची नि उपास तुझा?" तर म्हणते, "तिला उपास सोसत नाय गो, पित्त होतं." आता सोसत हिला पण नव्हतं. जेवली की उजव्या बरगडीखाली कळ उठायची, ती पार खांद्यात जायची. ओट्याला धरून उभी राहायची. सोनोग्राफी केली, खडा नाय. मग घरात झालं, आयची नाटकं. दिनेश वाईट नाय, पण तोही बोलायचा, "आये, फोटोत काय नाय तर दुखेल कसं?" मी माझ्या गावाहून, गडबहून जायची, बघायची, नि गप परत यायची. लेकीच्या सासरी आपण किती बोलायचं?

शेवटी पेणचे डॉक्टर बोलले, खडा नसला तरी पित्ताची पिशवी काम करत नसेल. पनवेलच्या पुढं मोठ्या दवाखान्यात एक तपासणी हाय. शिरेतून किरणांचं औषध सोडतात, ते पित्ताबरोबर पिशवीत उतरतं, नि वरचा कॅमेरा ते टिपतो. सकाळपासून काय खायचं नाय, एवढंच सांगितलेलं. तिथल्या नर्सबाईनं इचारलं, "आजी, काही खाल्लं नाही ना?" विहीण ताठ मानेनं बोलली, "पाण्याबिगर काय नाय." मग मशीनखाली लाकडासारखी पडून राहिली, हालली म्हणून नाय. लिव्हर दिसलं, आतडी दिसली, पिशवी काय दिसेना, म्हंजे ती कामच करत नाय असं वाटलं. दिनेशचा चेहराच उतरला. "आये, म्हंजे तुला खरंच दुखत होतं?" नि ही बया हसली! पोराच्या लग्नात हसलेली तशी. तेवढ्यात डॉक्टरांनी इचारलं, शेवटचं कधी जेवलात? "परवा रात्री. तपासणी चांगली व्हावी म्हणून कालचा पण उपास धरला." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. इतकं उपाशी राहिलं की पिशवी जुन्याच पित्तानं भरून राहते, औषधाला आत जागा नाय. दुखणं असो नसो, फोटो असाच येणार. परत यायला लागेल.

येताना दिनेश एसटीत एकटाच पुढं जाऊन बसला. पुन्हा रजा मिळाली नाय का त्यानं मागितली नाय, मी इचारलं नाय. मागल्या आठवड्यात गेलेली तर विहीण भिंतीला टेकून, बरगडीवर गरम पाण्याची पिशवी, शेवंतीनं वाढलेलं ताट तसंच.

"जेव गो," मी बोलली.

"आज नाय. दिनेशला रजा मिळू दे म्हणून धरलाय."

मी हसायला गेली, पण हसू काय आलं नाय. तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. ताटातला भात गार झाला.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कुणी दुखतंय बोललं, तर फोटोची वाट नका बघू.