निम्म्या वाटेवरची उरलीसुरली कामं

चालताना किस्से घडत नाहीत. चालताना फक्त पाय दुखतात. किस्से घडतात ते मुक्कामाला, कपडे धुवायला टाकले की! आमच्याकडे ते इतके साठलेत, की कट्ट्यावर एकाने सुरू केला की चहा गार होतो. मग दुसरा मागवावा लागतो. चहावाला आमच्यावर खूश आहे.

मंडळी तीनच. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर आप्पा, मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवणारा नंद्या आणि मी. तिघेही सिन्नरचे. पाठीवर सॅक टाकून कळसूबाईपासून महाबळेश्वरपर्यंत डोंगराडोंगराने चालत जायचं, असं आमचं ठरलं होतं. नाणेघाट करून जुन्नरला पोचलो तेव्हा निम्मी वाट झाली होती, बूट फाटले होते आणि आमच्याशेजारी कोणी उभं राहत नव्हतं. म्हणून राजुरीला नंद्याच्या आत्याकडे मुक्काम टाकला. राहिलेली कामं उरकायची आणि पुढे सुटायचं.

सगळ्यात मोठं राहिलेलं काम म्हणजे नंद्याचं लग्न! "गावातच दुकान? पुण्यात फ्लॅट नाही?" एवढं विचारून पोरींच्या बापांनी त्याला कितीदा परत पाठवलं, याची गणती आम्ही सोडून दिली होती. आत्याने दारातच जाहीर केलं, "परवा घोडेगावच्या पुढं पोरगी बघायचीय. तसंबी तिकडूनच चाललाय न्हवं? जाता जाता बघून जा!"

आम्ही खो खो हसलो. नंद्या हसला नाही. "मला खरंच लग्न करायचंय रे. एकटा जेवायचा कंटाळा आलाय," म्हणाला. मला फार वाईट वाटलं. आप्पांनीही तोंडातली सुपारी चघळायची थांबवली.

*

राजुरीला जाताना एसटीत आप्पा ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले होते. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय पत्र्यावर दणकन आपटायचा. ड्रायव्हरने बराच वेळ सहन केलं. शेवटी आरशात बघून म्हणाला, "बाबा, ब्रेक तुमी दाबताय का मी दाबू?"

"तूच दाब. मी नुसता बघतोय लागतो का!"

*

जुन्नरच्या बाजारात नंद्याचे बूट शिवायला टाकले. संध्याकाळी आणायला गेलो, तर चांभारदादांनी एकच बूट पुढे केला.

"दुसरा?"

"दुसरा उद्या."

"मग हा एकटा नेऊन काय करू?"

"न्या की राव! एक पाय तरी चालू ऱ्हाईल."

*

आत्याने आमचे सगळे कपडे वॉशिंग मशीनमध्ये घातले, मोजे सोडून. मोज्यांकडे बघून म्हणाली, "ह्यांला माझ्या मशीनला हात लावू द्यायची न्हाई." मग मोजे न धुताच उसाच्या कडेच्या तारेवर टांगले. त्या उसात बिबट्या यायचा. रोज संध्याकाळी कुठलं ना कुठलं कुत्रं गायब व्हायचं, म्हणून शेजारचे भाऊ वैतागले होते.

सकाळी भाऊ स्वतः चालत आले. मोज्यांपासून चार हात लांब उभे राहिले. "काल आला न्हाई. पावणं, कवा निघताय?"

"उद्या."

"मोजं ठिवून जावा!"

*

सॅक हलक्या करायच्या होत्या. नको असलेलं सामान कुरिअरने सिन्नरला पाठवायचं ठरलं. नंद्याचा एक गुण आहे, काम सांगितलं की तो ते लगेच करतो. विचार नंतर. त्याने दोरी, जादा तंबू, स्टोव्ह आणि त्याबरोबर मुलगी बघायला ठेवलेले शर्ट-पँटही पाठवून दिले!

आत्याने कपाळाला हात लावला आणि तिच्या यजमानांचा पांढरा नेहरू शर्ट, लेंगा आणि टोपी काढून दिली. नंद्या आरशासमोर उभा राहिला. आप्पा म्हणाले, "मुलीचं माहीत नाही, पण सोसायटीच्या इलेक्शनला निवडून येशील."

सॅक मात्र हलक्या झाल्याच नाहीत. रिकाम्या हाताने पाहुणा जाऊ द्यायचा नाही, हा त्या घरचा नियम. कुरडया, गूळ, शेंगदाण्याची चटणी, तिघांना तीन नारळ. "आत्या, डोंगर चढायचेत!" मी ओरडलो.

"मग भूक लागंल की!"

*

"गिरिजात्मजाच्या पाया पडून या, लगीन जुळंल," असाही आत्याचा हुकूम होता. लेण्याद्रीच्या पायथ्याला डोलीवाले आप्पांच्या मागे लागले. आप्पांनी छाती काढली. "आम्ही कळसूबाईवरून चालत आलोय, कळसूबाईवरून!"

"बाबो! मग तर लई दमला असाल. बसा की!"

आप्पा बसले!

*

आणि मग घोडेगावच्या पुढचा तो कार्यक्रम.

मुलीचं नाव वैशाली. घरची रोपवाटिका ती एकटी सांभाळते. पोहे झाले, चहा झाला. वडिलांनी फ्लॅटचं विचारलं, नंद्याने खरं ते सांगितलं. मग रीतीप्रमाणे कोणीतरी म्हणालं, "दोघांना जरा बोलू द्या." दोघं मागच्या शेताकडे गेली.

बराच वेळ झाला. दुसरा चहा झाला. वडील चारदा दारात जाऊन आले. हाही नकार आला तर नंद्याला महाबळेश्वरपर्यंत न्यायचं कसं?

शेवटी वैशाली आली. एकटीच.

"पावणं कुठायत?" वडिलांनी विचारलं.

"गेले."

"कुठं गेले?"

"महाबळेश्वरला."

वडील पाचव्यांदा दारात जाऊन आले.

"मी म्हणलं, मला अर्धवट कामं सोडणारा माणूस नको. आधी ते चालणं पुरं करून या, मग मी सांगते. तर ते लगीच निघाले. मला वाटलं बांधापर्यंत जाऊन माघारी येतील. तर डिंभ्याच्या रस्त्याला लागले!"

नंद्याची सॅक आमच्या पायाशी होती. वैशालीने तिच्याकडे बघितलं. ती उचलली, खांद्यावर चढवली आणि कमरेचा पट्टा इतका नीट आवळला, की तसा मला महिनाभरात जमला नव्हता. "चला, लांब गेले नसतील," म्हणाली आणि अंगण ओलांडून चालायलाही लागली.

वडील आप्पांकडे वळले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "पावणं, ह्यो होकार धरायचा का नकार?"

आप्पा बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "ते वाटेत बघू. आधी चपला घाला!"