आईचा धवला

लग्नाचं शूटिंग करायला आलेल्या माणसाने माझ्या आईला फसवलं. ओल्या हळदीचा वास आला की मला अजून ते आठवतं. आई लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, गायला जायची, आणि देवांना बोलावायचा धवला ती मांडवाबाहेर कधी म्हणत नसे. 'आठवण म्हणून ठेवतो, मावशी,' असं सांगून त्याने तो मोबाईलमध्ये भरून घेतला. पुढच्या वर्षी मी आईला टेम्पोतून चौलला नेत होतो. सुपारीच्या वाड्यांमधून रस्ता जात होता आणि मोबाईलवर नेहमीसारखी फुकटची नवी गाणी आपोआप एकामागून एक लागत होती. त्यातच तिचा धवला सुरू झाला. खाली डीजेचा ठोका, आणि गाणारी म्हणून भलत्याच बाईचं नाव. भाड्याचा भाव करताना मी कुणाच्या बापाला ऐकत नाही, पण तेव्हा नुसता गाणं बंद करायला हात पुढे केला. 'ऱ्हाऊ दे रं,' आई म्हणाली, 'ही बाय माझ्यावानीच गाते.' तिने ओळखू नये म्हणून मी उगाच हॉर्न वाजवत राहिलो. मग देवांची नावं आली आणि तिने आपला आवाज ओळखला. 'ह्याच्यावर लोकं नाचतात काय?' मी गाणं बंद केलं. 'मंग माझ्या तोंडून देवांना बोलावलं तरी कुठं त्यानं?' त्यानंतर तिने तो धवला कोणत्याच मांडवात म्हटला नाही. गाणं मात्र आजही कुणालाही फुकट ऐकायला मिळतं. त्या माणसाने आमच्या ओटीवर यावं, आणि तिने विचारलं त्याचं उत्तर तिलाच द्यावं.