शिवलिंगअप्पांचा कान

शिवलिंगअप्पांकडे बिघडलेला रेडिओ नेला, की ते तो आधी लावून डोळे मिटून ऐकत बसायचे. "सर्दी झाली हाय त्याला," म्हणायचे आणि मगच पेचकस उचलायचे. लातुरात एका बोळात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. मी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो, म्हणून मला ते मास्तर म्हणत, अर्थात चेष्टेनं.

गिटारला 'वा-वा' बोलायला लावणारं पेडल मला हवं होतं. अप्पांनी ते जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांतून जमवलं. पायानं दाबलं की सूर तोंडासारखा उघडायचा, सोडलं की मिटायचा. पण ते तोंड कुणाचं, हे आतली कॉइल आणि कंडेन्सर ठरवायचे. कंडेन्सर मोठा लावला तर आवाज घशातून, लहान लावला तर नाकातून. अप्पा एकेक लावून पाहत. "हा जांभई देऊन राहिला. ह्यो नको. ही तर चिडलेली सासू, काढ तिला!" शेवटी एक जमला. "आता कसं, माणूस बोलून राहिला," म्हणत ते लहान पोरासारखे हसले.

लातूर जिल्हा झाला तेव्हा दुष्काळ होता. टँकरमागे धावून दमलेल्या आमच्या गल्लीनंही हौसेनं कार्यक्रम ठेवला. त्या दुपारी अप्पांनी हट्टानं कंडेन्सर बदलला. "जुना लई मळकट वाटून राहिला." ऐकून बघायला वेळच नव्हता. स्टेजवर पेडल दाबलं आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज निघाला. बायांनी पोरांचे कान झाकले. समोर अप्पा डोळे मिटून खुशीत डोलत होते. मग त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांचं डोलणं थांबलं.

बारीक सूर त्यांना ऐकू येईनासे झाले होते. म्हणूनच चांगला आवाज मळकट वाटला आणि ते तो उजळायला गेले. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सोल्डरिंगची कावी तापवत ते एवढंच म्हणाले, "मी डाख देतो. तू ऐक." मी मान हलवत गेलो, ते बदलत गेले. "जमलं?" "जमलं, अप्पा." त्यांनी पेडल माझ्या हातात दिलं आणि दुकान आवरायला घेतलं.

पुढे मोठे आवाजही गेले. भेटायला गेलो की मी पाटीवर लिहायचो. एकदा त्यांच्या बायकोनं, गंगाकाकूंनी, दारातून चहाचं विचारलं तसे अप्पा लगेच "हाव, दोन कप," म्हणाले. वर मला ऐटीत सांगितलं, "हिचा आवाज येतो बरं का मला. अजून तसाच हाय, गोड."

निघताना काकू अंगणात थांबल्या. हळूच म्हणाल्या, "बोलत न्हाई रे बाबा मी. नुसते ओठ हलवते."

अप्पा गेले त्या दिवशी मात्र काकू मोठ्यानं बोलत होत्या. एकसारख्या, त्यांच्या कानाशी वाकून.