पवित्र गुरुवारचा उजवा पाय

२८ मार्च, पवित्र गुरुवार. सकाळचं काम नेहमीचंच होतं: नवऱ्याच्या उजव्या पायाचं ड्रेसिंग. ओटीवर जुनी चादर, चादरीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर पाय. सलाइनने जखम धुवायची, गॉजने टिपायची, मलम लावून पट्टी गुंडाळायची. मी नाकाला फडकं बांधून बसायचे, कारण वास यायचा. तो समोरच्या भिंतीवरच्या क्रुसाकडे बघत राहायचा. जखम झाल्यापासून त्याने स्वतःच्या पायाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

फेब्रुवारीत ओहोटीला खडकावर कालवं काढायला गेला होता. शिंपल्याची धार अंगठ्याखाली लागली. साखरेचा आजार जुना, पाय बधिर, त्याला कळलंच नाही. चपलेला रक्त लागलेलं मी बघितलं तेव्हा जखमेने पू धरला होता. मार्च संपत आला तेव्हा अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला जिल्ह्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, आज ही दोन बोटं काढली तर पाय वाचेल, थांबलात तर कुठे थांबेल ते मी सांगू शकत नाही. नवरा म्हणाला, सण झाल्यावर येतो. त्यांनी विचारलं, कुठला सण? तो म्हणाला, आमचा. आणि उठून लंगडत बाहेर गेला.

याला कारणं दोन. एक म्हणजे त्याचा बाप. त्याचाही पाय साखरेमुळे कापला होता आणि तो घरी परत आला तो शववाहिकेतून. दुसरं कारण त्याचा विश्वास. त्याचा विश्वास माझ्यापेक्षा मोठा आहे हे मी लग्नापासून मानत आले. माझा विश्वास कामापुरता. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, वेदीच्या चादरी धुणं, आजाऱ्याच्या घरी पेज पोचवणं. देव ऐकतो का, हा प्रश्न मी फार उकरत नाही. वादळाच्या वर्षी आमचं छप्पर उडालं तेव्हा एकदा विचारला होता, उत्तर आलं नाही, मग पत्रे शोधायला गेले. नवऱ्याचं तसं नाही. तो बोटीवर खलाशी होता. दोनदा बोट उलटून परत आला आहे. त्याच्या लेखी देव त्याला नावाने ओळखतो.

पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात फादर बारा माणसांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. त्या वर्षी बारांत माझा नवरा होता. आमच्याकडची पद्धत अशी की ज्याचे पाय धुवायचे तो दुपारीच घरी टाचा दगडाने घासतो, नखं कापतो, कोणी खोबरेल लावतो. फादरांच्या हाताला धूळ लागायला नको. दरवर्षी बारा चकाचक उजवे पाय ओळीने पुढे येतात, वर दोन थेंब पाणी पडतं, टॉवेल फिरतो आणि फादर पायाचं चुंबन घेतात.

चर्चच्या कमिटीने सुचवलं की या वर्षी त्याच्याऐवजी दुसरा कोणी बसवू. तो ऐकेना. मग ठरलं की तो डावा पाय पुढे करेल. मी दुपारी डावा पाय घासून दिला, उजव्याला दुप्पट पट्टी गुंडाळली, वर मोजा चढवला आणि त्याला सांगितलं की मोजा काढायचा नाही.

"न्हाय काढत गो," तो म्हणाला.

मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होते. वेदीसमोर बारा जण बसले होते, तो नववा. फादर सहाव्याजवळ होते तेव्हा तो वाकला. मला वाटलं चप्पल काढतोय. मग पांढरी पट्टी जमिनीवर लोंबताना दिसली. तो ती शांतपणे सोडवत होता, जाळ्याचा गुंता सोडवावा तशी. वास पहिल्या बाकांपर्यंत आला. शेजारचा माणूस वीतभर सरकला, मग आपण कुठे बसलोय ते आठवून थोडा परत आला. कोयर गात राहिली.

फादर त्याच्यासमोर आले आणि थांबले. तरुण माणूस, वसईकडचा, आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी पायाकडे बघितलं आणि मग वर मान करून माझ्याकडे. मी मान हलवली: नको. त्यांना ती दिसली. तरीही ते गुडघ्यावर बसले, काळ्या बोटांवर पाणी ओतलं, टॉवेलने टिपलं, आणि घोट्यावर ओठ टेकले. चर्चमध्ये कोणीतरी हुंदका दिला. नवऱ्याने डोळे मिटले होते आणि त्याचा चेहरा लग्नातल्या फोटोत आहे तसा दिसत होता.

मला मात्र टॉवेल दिसत होता. तो त्याच हातात घेऊन फादर दहाव्याकडे वळले. दहाव्याच्या टाचेला भेगा होत्या. मी उठले, मधल्या वाटेने पुढे गेले, फादरांच्या हातून टॉवेल काढून घेतला आणि वेदीच्या बाजूच्या टेबलावरचा कोरा दिला. मग नवऱ्याचा पाय माझ्या ओढणीत गुंडाळला आणि जागेवर येऊन बसले.

मिस्सा संपल्यावर जाऊबाईंनी मला चर्चच्या आवारातल्या आंब्याखाली गाठलं. म्हणाल्या, "सगळ्या गावासमोर उठलीस. फादरांना शिकवतेस व्हय तू?"

"टॉवेल घाण झाला होता, वहिनी."

"लोक रडत होते तिथं. तुला टॉवेल दिसला."

ते खरं होतं.

नवऱ्याला बाकावर बसवून मी फादरांकडे गेले. ते मागच्या खोलीत नळाखाली हात धूत होते, बराच वेळ. मी त्यांना डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता घरी चला आणि तुमच्या तोंडाने त्याला सांगा की इस्पितळात जा. तुमचं तो ऐकेल.

"मावशी, आज मी त्याचा पाय धुतला," ते म्हणाले. "आजच मी कसं सांगू की यावर भरवसा ठेवू नकोस? त्याचा विश्वास मोडला तर?"

"मोडला तर तुम्ही परत जोडा. ते तुमचं काम. पाय मला जोडता येणार नाही."

ते म्हणाले की रात्रीच्या आराधनेला लोक येतील, चर्च सोडता येणार नाही, शुक्रवारची उपासना झाली की नक्की येतो. ते घाबरले होते. मला त्यांचा राग आला नाही. आपल्या हातून चमत्कार व्हावा असं त्यांनाही वाटत असणार, आणि होणार नाही हे कळतही असणार. या दोन्हींच्या मधे माणूस हात धूत उभा राहतो.

घरी येताना नवरा खुशीत होता. रिक्षावाल्याशी मासळीच्या भावावर बोलला. घरी पोचल्यावर ओटीवर पाय पसरून म्हणाला, "आता ईस्टरच्या आयतवारपर्यंत थांब. तिसऱ्या दिवशी प्रभू उठला, बघ."

मी ओढणी सोडली. सोडताना मी श्वास धरला होता. मी, जी छप्पर उडाल्यावर पत्रे शोधायला गेली, मी त्या क्षणी मनात म्हणत होते की बोटं गुलाबी निघू देत. एवढी आशा माझ्यात कुठे दडून बसली होती कोण जाणे. बोटं काळीच होती. तिसरंही काळवंडलं होतं. घोट्याच्या वर एक लाल पट्टा नडगीकडे चढलेला होता, सकाळी नव्हता. हात लावला तर पाय तापला होता, कपाळही.

"जरा बघ पायाकडे," मी म्हटलं.

"न्हाय."

"एकदा बघ, मग मी काही बोलणार नाही."

"बघितला तर विश्वास कसला?" तो क्रुसाकडे तोंड करून म्हणाला. मग हळू आवाजात: "कापून घेतला म्हंजे मीच देवाला सोडला. लोक म्हणतील, ह्याच्यात दम नव्हता. अन् तोही म्हणेल."

मी म्हटलं, "लंगडा माणूस त्याला चालत नाही, असं तुला कोणी सांगितलं?"

त्याला थंडी भरून आली होती. मी गोधडी घातली, तापाची गोळी दिली आणि पट्टी बांधली.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच आशा नको. पाय गुडघ्याखालून गेला. गुरुवारीच नेलं असतं तर घोट्याखाली भागलं असतं का, ते डॉक्टरबाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो अजून मिस्साला जातो, कुबडी घेऊन, शेवटच्या बाकावर बसतो. ख्रिस्तप्रसादाला पुढे जात नाही, फादरांना त्याच्याकडे यावं लागतं. वर्षभर तो माझ्याशी प्रार्थनेविषयी बोलला नाही.

शुक्रवारी पहाटे मी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना फोन करून आम्ही भाड्याने देतो त्या दोन खोल्यांचं बुकिंग रद्द केलं. चूल पेटवली नाही. दुपारी तीन वाजेपर्यंत, प्रभूच्या मरणाच्या घटकेपर्यंत, त्या दिवशी आमच्याकडे पेटवत नाहीत, शिवाय ऑपरेशन झालं तर पोट रिकामं लागणार होतं. रिक्षावाल्याला बोलावलं. तो म्हणाला, आज सुट्टी, तिथं कोण भेटणार? मी म्हटलं, अपघात विभागाला सुट्टी नसते. नवऱ्याला मी विचारलं नाही. तापात तो एवढा हलका झाला होता की आम्ही दोघांनी त्याला उचलून मागच्या सीटवर आडवा केला आणि पाय मी मांडीवर घेतला.

चर्चजवळ क्रुसाच्या वाटेच्या मिरवणुकीसाठी माणसं जमत होती. नवरा म्हणाला, थोडं थांबव. मी रिक्षा थांबवू दिली नाही. मग त्याने प्रभूची प्रार्थना सुरू केली, मीही त्याच्याबरोबर म्हणू लागले. 'तुझी इच्छा पूर्ण होवो' ही ओळ आली तिथं मी गप्प बसले, ती तो एकटाच म्हणाला. पुढच्या ओळीला मी परत सुरुवात केली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, खड्डे बघून चालव.