ड्रायरखाली ऐकलेला शेवट

पार्लर सोमवारी बंद असायचं, म्हणजे केसांपुरतं बंद. दुपारी शटर अर्धं वर जायचं, एकेक जण वाकून आत शिरायचा आणि आरशांसमोरच्या फिरत्या खुर्च्यांवर बसून अंतराळातल्या गोष्टींवर भांडायचा. पार्लरच्या मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा. वहिनींचं मत म्हणजे त्यांची कात्री. एकदा चालली की मागे घेणं नाही.

भांडणारे ठरलेले होते. क्लासवाले सर मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचे आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘म्हणजे बघा, मुळात’ अशी करायचे. कादंबरी तेवढी खरी, टीव्हीवरची मालिका म्हणजे तिचं वाटोळं, हा त्यांचा मुळातला मुद्दा. अँब्युलन्सचा ड्रायव्हर ‘आपलं एकच म्हणणं आहे’ म्हणून पाच-सहा म्हणणी मांडायचा. यानाचे दरवाजे इतके सावकाश उघडायला लागले तर आतला पेशंट वाचायचा कसा, हे त्यातलं कायमचं. आणि वहिनींच्या सासूबाई विणकाम घेऊन कोपऱ्यात बसायच्या. “मला काय कळतंय त्यातलं,” असं म्हणून पुढच्याच श्वासात यानाच्या इंजिनियरला बिनकामाचा ठरवून मोकळ्या व्हायच्या.

मंडळींचा नियम कडक होता. ज्याने पुस्तक वाचलेलं नाही, त्याच्या कानावर पुढचं काही पडता कामा नये. पण वाचलेल्यांच्या, म्हणजे सरांच्या आणि ड्रायव्हरच्या, पोटात तरी ते किती दिवस राहणार? म्हणून भिंतीलगतच्या तीन मोठ्या टोपवाल्या ड्रायरांची योजना झाली होती. वाचलेल्यांना बोलायचं असलं की न वाचलेल्यांनी ड्रायरखाली डोकं घालायचं. आत वाऱ्याचा असा घोंघाट, की बाहेर कोणी गळा काढला तरी पत्ता लागू नये. तिसऱ्या ड्रायरखाली जाडजूड टॉवेल वाळत असायचे. त्यांनीही पुस्तक वाचलेलं नाही, असं ड्रायव्हर म्हणायचा.

शेवटचा भाग लागायच्या आधी न वाचलेल्यांनी आपला अंदाज सगळ्यांसमोर सांगायचा. ज्याचा बरोबर येईल, त्याला केस धुवायची मागे रेलणारी खुर्ची. तिथून टीव्ही नाकासमोर दिसायचा आणि पायही लांब करता यायचे. ही खुर्ची वहिनींनी आजवर कुणाला सोडली नव्हती.

आता यानाच्या मालिकेचा अगदी शेवट आला होता. मुख्य यान वाचावं म्हणून म्हातारी पायलट छोटं यान घेऊन शत्रूला भलतीकडे ओढून गेली होती. ती परत येणार की नाही? वहिनी पहिल्यापासून ठाम होत्या. “अर्धा कप चहा टाकून गेलीय ती,” त्या म्हणायच्या. “कायमची जाणारी बाई कप धुऊन जाते.”

त्या सोमवारी सरांना शेवटावर बोलायची फारच सुरसुरी आली. वहिनींनी सासूबाईंना एका ड्रायरखाली बसवलं, दुसऱ्याखाली स्वतः बसल्या आणि दोन्हींचे वेळेचे काटे फिरवले. फिरवले ते हाताने, डोक्याने नव्हे. दिवसभर विरळ केसांच्या बायकांना लावतो तेवढाच वेळ हाताने सवयीने लावला. सरांचं ‘मुळात’ संपायच्या आत दोन्ही ड्रायर गप्प झाले. टॉवेलांचा मात्र घोंघावत राहिला, त्यामुळे बाहेर कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

“म्हणजे बघा, मुळात ती परत येत नाही,” सर सांगत होते, “यातच तर पुस्तकाचं मोठेपण आहे.”

वहिनींनी त्याच क्षणी डोकं बाहेर काढायला हवं होतं. त्यांनी काढलं नाही. शेजारी सासूबाईंची मान कललेली होती. डोळा लागला असेल, असं वहिनींनी स्वतःला पटवलं.

तो आठवडा गिऱ्हाइकांना महागात पडला. दोन बोटं कापायला सांगितलेले केस चार बोटं गेले. शब्दाला धरून राहावं तर खुर्ची जाते, वर ‘वहिनी चुकल्या’ हे सरांच्या तोंडून ऐकायचं. शब्द फिरवावा तर खुर्ची राहते, पण इतकी वर्षं जिची बाजू घेतली ती म्हातारी पायलट जाते. शेवटी खुर्चीने ओढलं.

“नाही येणार,” पुढच्या सोमवारी वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या.

ड्रायव्हरने वळून पाहिलं. “आणि तो अर्धा कप चहा?”

“विसरली असेल.” इतकं लेचंपेचं उत्तर त्या आरशांनी वहिनींच्या तोंडी कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, येणार. वहिनींनी त्यांच्या पायाला हळूच पाय लावून पाहिला. सासूबाईंनी पाय आत घेतला आणि पुन्हा म्हणाल्या, येणार.

भाग सुरू झाला. बराच वेळ नुसता अंधार आणि तारे. मग छोटं यान येऊन मोठ्याला चिकटलं. दरवाजा नेहमीसारखा रेंगाळत उघडला, पण ड्रायव्हरने एकही म्हणणं मांडलं नाही. म्हातारी आत आली, टेबलापाशी गेली आणि गार झालेला अर्धा कप एका दमात प्यायली.

सर ताडकन उठले. “म्हणजे बघा, मुळात...” त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. “हे पुस्तकात नाहीच,” एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

सासूबाई लोकर आवरून खुर्चीकडे निघाल्या.

“तुम्हाला कसं कळलं?” वहिनींनी विचारलं.

“मला काय कळतंय त्यातलं. सर म्हणाले ते मीही ऐकलं की. तुझ्याबरोबर माझाही ड्रायर बंद पडला होता.” सासूबाई खुर्चीत टेकल्या. “पण सर एकदा बोलले आणि तू पहिल्यापासून रोज सांगत आलीस. मग घरच्या माणसाचं ऐकायचं की बाहेरच्याचं?”

वहिनींचे कान लाल झाले, तेही चार आरशांत एकदम. ड्रायव्हरला सगळ्यात आधी उलगडा झाला आणि तो हसता हसता खुर्चीवरून घसरला.

वहिनींनी मात्र हनुवटी वर केली. “म्हणजे मी पहिल्यापासून सांगत होते तेच खरं निघालं.”

“ते तर निघालंच,” सासूबाईंनी मान मागे टाकली. “आता बसलेच आहे, तर केस धू.”

वहिनींनी बाह्या वर केल्या आणि पाणी मनगटावर तपासलं. पुढच्या मालिकेतला डॉक्टर पहिल्याच भागात मरणार, हे त्यांनी फेस करता करताच जाहीर केलं. सरांनी घसा साफ केला, त्यांनी त्या मालिकेचं पुस्तकही वाचलेलं होतं. वहिनींनी सासूबाईंना ओल्या केसांनिशी ड्रायरखाली बसवलं, शेजारच्या ड्रायरखाली आपलं डोकं घातलं आणि दोन्ही काटे अगदी शेवटच्या खुणेपर्यंत फिरवले.